क्षयरोग्याची सोबत

इंग्लंडात १९१७ साली अंथरुणाला खिळल्यानंतर श्रीनिवास रामानुजन यांना एकामागून एक आरोग्यधामांत राहावे लागले. अशाच एका आरोग्यधामातून त्यांनी केंब्रिजला प्राध्यापक हार्डी यांना लिहिलेले एक पत्र आज उपलब्ध आहे. आपण येथे येऊन महिना झाला, पण एक दिवसही खोलीत शेकोटी पेटली नाही; थंडीने कुडकुडत कित्येकदा जेवणही गेले नाही, अशी त्यात तक्रार आहे. ज्या दिवशी काही गंभीर गणिती काम होईल त्या दिवशी शेकोटी देऊ, असे त्यांना म्हणे सांगण्यात आले होते. तो दिवस मात्र उगवला नव्हता. पुढे मात्र हा विलक्षण माणूस लिहितो की, येथील स्नानगृहे छान उबदार आहेत, तेव्हा रोज कागद आणि लेखणी घेऊन तासभर तेथेच जाऊन बसावे म्हणतो.

ज्या गणितज्ञाची कीर्ती त्या वेळी विद्वानांच्या वर्तुळात दुमदुमत होती आणि ज्याची १९१८ साली रॉयल सोसायटीचा सदस्य म्हणून निवड व्हायची होती, त्याला कागद घेऊन न्हाणीघरात बसावे लागावे, हे वाचून मन खिन्न होते. परंतु यात कोणाचा दुष्टपणा नव्हता, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. उघड्या खिडक्या आणि गार वारा हीच त्या काळी क्षयाची चिकित्सा होती. शेकोटी नाकारणारे लोक आपल्या समजुतीप्रमाणे रोग्याचे प्राण वाचवीत होते. आत्यंतिक एकटेपणाने ग्रासलेल्या रामानुजन यांनी १९१८ च्या सुमारास लंडनमध्ये आगगाडीच्या रुळांवर स्वतःला झोकून दिले आणि ते दैवयोगानेच वाचले. त्यांच्या घशाखाली न उतरणारे अन्न, हजारो मैलांवरची पत्नी आणि तिची त्यांच्यापर्यंत न पोचणारी पत्रे, यांची नोंद तापाच्या तक्त्यावर होत नसे. शरीराची व्यवस्था चोख आणि मनाची वाऱ्यावर, असे त्या चिकित्सेचे रूप होते. त्यातून आणखी एक विपरीत गोष्ट अशी की, रामानुजन यांना क्षय नव्हताच, यकृतातील आमांशजन्य विकार होता, असे प्रतिपादन १९९४ साली एका इंग्रज वैद्याने त्यांच्या आजाराची सारी टिपणे तपासून केले.

रोग्याच्या मनाची व्यवस्था हा चिकित्सेचाच भाग आहे, हा विचार मात्र जुना आहे. चरकसंहितेत क्षयाला राजयक्ष्मा म्हटले आहे, आणि त्या नावामागे चंद्राची कथा आहे. दक्षाच्या सत्तावीस कन्या चंद्राला दिल्या होत्या; पण तो एकट्या रोहिणीत रमला, इतर पत्नी उपेक्षित राहिल्या, आणि दक्षाच्या क्रोधातून निपजलेल्या यक्ष्म्याने त्या नक्षत्रांच्या राजाला गाठले. राजाला जडला म्हणून राजयक्ष्मा. अखेर अश्विनीकुमारांनी त्याला बरे केले. कथेचे शास्त्रीय मूल्य काहीही असो, रोगाचे मूळ एका घरातील दुखावलेल्या मनांत शोधणारी ही दृष्टी लक्षणीय खरी. पुढे त्याच अध्यायात औषधे, तुपे, मांसरस यांचा विस्तार झाल्यावर ग्रंथकार रोग्याला आवडत्या सुहृदांचे दर्शन, गीतवाद्यांचे श्रवण, हर्ष आणि नित्य धीर देणे हेही सांगतो.

याहून विस्ताराने हा विषय सूत्रस्थानात आला आहे. राजा किंवा राजासारखा संपन्न मनुष्य यांच्यावर शोधनोपचार करावयाचे झाल्यास घर कसे असावे, याचे तेथे वर्णन आहे. धूर, ऊन आणि धूळ यांपासून दूर, वाऱ्याच्या झोतात नसलेले, पण एका बाजूने मोकळी हवा खेळणारे असे ते घर असावे. तेथे स्वयंपाकी हवेत, अंग रगडणारे, उठवून बसविणारे, औषध वाटणारे सेवक हवेत. त्यांच्या जोडीला गाण्यात, वाजविण्यात, श्लोक आणि गाथा म्हणण्यात, आख्यायिका, इतिहास आणि पुराणे सांगण्यात कुशल असे, रोग्याचा अभिप्राय ओळखणारे सोबती हवेत. शिवाय दुधाळ, शांत, निरोगी आणि वासरू जिवंत असलेली गाय हवी. चिकित्सेचे जे चार पाद चरकाने मानले, त्यांत वैद्य, द्रव्य आणि रोगी यांच्या बरोबरीने उपस्थाता, म्हणजे शुश्रूषा करणारा, याला स्थान आहे. आणि त्याच्या चार गुणांत उपचारांचे ज्ञान, दक्षता व शुचिता यांच्यासह अनुराग हा एक गुण सांगितला आहे. रोग्याविषयी प्रीती नसेल तर तो परिचारक चतुर्थांश उणा, इतका हा हिशेब स्पष्ट आहे. अर्थात गाय, गवई आणि पुराणिक पदरी बाळगणारे रोगी तेव्हाही थोडेच असणार. गरिबाने काय करावे, या प्रश्नाला चरकाचे उत्तर त्रोटक आहे: जमेल ते औषध घ्यावे, जमेल तसे वागावे. या एका प्रश्नाने पुढील दोन हजार वर्षे क्षयरोग्याचा पाठपुरावा केला आहे.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाचा जंतू जगापुढे ठेवला. तो दिवस वैद्यकाच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिला गेला, पण त्यामुळे रोग्याच्या हाती तत्काळ काही पडले नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण मराठी माणसाला सांगावयास नको. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला वैद्यकाची पदवी घेतलेली ही तरुणी त्याच वर्षी मायदेशी परतली ती क्षयाने पोखरलेली. आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात निवर्तली. जंतूचे नाव ठाऊक होऊन पाच वर्षे लोटली होती, पण त्याला मारणारे द्रव्य यायला अजून अर्धशतकाहून अधिक काळ होता.

ही पोकळी आरोग्यधामांनी भरून काढली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हेरमान ब्रेमर यांनी सायलीशियातील ग्योर्बर्सडॉर्फ या डोंगराळ गावी पहिले आरोग्यधाम थाटले. रोग्याने मोजूनमापून चालावे, भरपूर खावे, उंचावरची हवा घ्यावी असा त्यांचा आग्रह होता. त्यांचे शिष्य डेटवायलर यांनी चालणे कमी करून आरामखुर्चीला महत्त्व दिले. अमेरिकेत एडवर्ड ट्रूडो यांनी सॅरनॅक लेकच्या काठी १८८५ साली आपली पहिली झोपडी उभारली. ट्रूडो यांनी तारुण्यात क्षयी भावाची अखेरपर्यंत शुश्रूषा केली होती, आणि पुढे तोच रोग त्यांना स्वतःला जडला होता. आपल्या रोग्यांशी ते बोलत ते रोग्यानेच रोग्याशी बोलावे तसे. पण असा संचालक प्रत्येक आरोग्यधामाच्या नशिबी नव्हता. अनेक ठिकाणी हळूहळू मठाची शिस्त आली. वाचायचे किती, बोलायचे किती, भेटायचे कोणी आणि किती वेळ, याचे नियम झाले. घरच्यांची आठवण हीदेखील ताप वाढविणारी गोष्ट समजली गेली.

आरोग्यधामाचा खर्च ज्यांना झेपत नव्हता, अशांसाठी बॉस्टन शहरात १९०५ च्या जुलैमध्ये एक वेगळाच उपक्रम सुरू झाला. आजपर्यंत त्याची कथा वैद्यकाबाहेर फारशी सांगितली गेलेली नाही. डॉ. जोसेफ प्रॅट यांनी शहरातील गरीब क्षयरोग्यांचा एक लहानसा वर्ग काढला. त्याचा खर्च इमॅन्युएल चर्च या मंडळीने उचलला. रोग्याने आपल्याच घरी राहावे, पण गच्चीवर, सज्जात किंवा तंबूत उघड्या हवेत निजावे. काम पूर्ण बंद ठेवावे. ताप किती, खाल्ले काय, विश्रांती किती घेतली, याची रोजची नोंद एका वहीत करावी. आणि आठवड्यातून एकदा ही वही घेऊन सर्वांनी एकत्र जमावे. मधल्या दिवसांत एक परिचारिका घरोघर जाऊन पाहणी करी. वर्ग वीस-पंचवीसांपेक्षा मोठा होऊ द्यावयाचा नाही, हा दंडक होता. जमलेल्यांत कोणाचे वजन किती वाढले ते सर्वांना समजे, आणि वाढलेल्या दोन शेरांचा आनंद सर्वांचा होई. निरनिराळ्या धर्मांची आणि वंशांची ही माणसे, एरवी रस्त्यात एकमेकांकडे वळूनही न पाहणारी, एका दुखण्याच्या नात्याने घट्ट बांधली गेली. प्रॅट यांनी हा खटाटोप आरंभला तो आरोग्याचे नियम शिकविण्याची सोय म्हणून. पण रोग्यांनी एकमेकांना दिलेला धीर हाच या वर्गाचा प्राण आहे, हे त्यांना अनुभवाने कळले. समूहोपचाराच्या मानसचिकित्सेचा इतिहास सांगणारे आज आपला आरंभ या वर्गापासून करतात. मानसशास्त्राच्या एका शाखेचा जन्म फुप्फुसांच्या वर्गात व्हावा, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. या वर्गातही जंतू मारणारे औषध कोणाजवळ नव्हते, हे विसरून चालणार नाही. काही रोगी बरे झाले, काही झाले नाहीत. पण एकट्याने झुरण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही.

हिंदुस्थानात मोकळ्या हवेचे पहिले आरोग्यधाम १९०६ साली अजमीरजवळील तिलोनिया येथे मिशनऱ्यांनी काढले. दोन वर्षांनी अलमोड्याला दुसरे निघाले, आणि १९०९ साली सिमल्याच्या वाटेवरील धरमपूरला बेहरामजी मलबारींच्या खटपटीने तिसरे. १९१२ मध्ये भोवाली आणि आपल्या पाचगणीतील डॉ. बिलिमोरियांचे बेल-एअर, १९१५ मध्ये मदनपल्ली, असा हा क्रम पुढे चालू राहिला. पाचगणी आणि मिरजेजवळची वानलेसवाडी ही नावे महाराष्ट्रातील कित्येक घरांत हलक्या आवाजात उच्चारली जात. इंग्लंडात मेंडिप टेकड्यांवर आरोग्यधाम चालविणारे, आणि रामानुजन यांना काही काळ रोगी म्हणून पाहिलेले, डॉ. चौरी मुत्तू यांनी १९२८ साली मद्रासजवळ तांबरम येथे आरोग्यधाम सुरू केले.

तेथे जाणाऱ्या रोग्याची पाठवणी कशी होई, याच्या आठवणी जुन्या पिढीने जपल्या आहेत. कप-बशी निराळी, अंथरूण निराळे, मुलांना जवळ येण्याची बंदी. आणि घरात लग्नाची मुलगी असली तर आजाराचे नावच बदलून ‘हवापालट’ म्हणावयाचे. सासरी खोकू लागलेली सून पुष्कळदा माहेरी रवाना होई आणि तिची परतण्याची वाट बंद होई. थोरामोठ्यांची घरेही वियोगातून सुटली नाहीत. १९३४ च्या अखेरीस कमला नेहरू भोवालीच्या आरोग्यधामात होत्या आणि जवाहरलाल अलमोड्याच्या तुरुंगात. काही आठवड्यांच्या अंतराने त्यांना पत्नीच्या भेटीस नेण्यात येई. उरलेले दिवस एकीने डोंगराच्या या अंगाला आणि दुसऱ्याने त्या अंगाला मोजावयाचे. २८ फेब्रुवारी १९३६ रोजी कमलाबाईंनी लोझान येथे देह ठेवला, तेव्हा पती तरी जवळ होते.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली भोर समितीने जो अहवाल दिला त्यात देशातील क्षयरोग्यांची संख्या सुमारे २५ लाख आणि दरसाल मृत्यू सुमारे ५ लाख असा अंदाज होता. या सर्वांसाठी खाटा होत्या सुमारे ६,०००. म्हणजे आरोग्यधाम हाच एकमेव उपाय मानला, तर बहुतेक रोग्यांना उपायच नव्हता. सुदैवाने याच सुमारास औषधे आली. १९४३-४४ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन, पाठोपाठ पॅस, आणि १९५२ मध्ये स्वस्त व गोळीच्या रूपात घेता येणारे आयसोनायाझिड. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात हे नवे औषध घेऊन मरणाच्या दारातील रोगी उठून नाचू लागल्याच्या वार्ता त्या वर्षी जगभर गेल्या.

मग प्रश्न असा उभा राहिला की, औषध जर गोळीत आहे, तर रोग्याला घरातून उठवून डोंगरावर न्यावयाचे कशासाठी? याचे उत्तर शोधण्याचा मान मद्रासला मिळाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून १९५६ साली चेटपट भागात क्षयचिकित्सेचे एक केंद्र काढले. डॉ. वॉलेस फॉक्स त्याचे पहिले प्रमुख. शहराच्या दाट वस्तीतील १९३ गरीब रोगी त्यांनी निवडले आणि, सोंगटी पडेल तसे दान या न्यायाने, त्यांचे दोन गट केले. एका गटाने वर्षभर आरोग्यधामात राहावयाचे, दुसऱ्याने आपल्या घरी. औषधे दोघांना तीच, आयसोनायाझिड आणि पॅस. घरच्या गटासाठी केंद्राचे आरोग्यसेवक दारोदार फिरत. न सांगता जाऊन उरलेल्या पुड्या मोजीत, लघवी तपासून औषध पोटात गेले की नाही ते पडताळीत.

दोन्ही गटांच्या राहणीत जमीनअस्मानाचे अंतर होते. आरोग्यधामातील रोग्याला दूध, अंडी, फळे मिळत, विश्रांती मिळे, परिचारिका मिळत. घरचा रोगी एका खोलीत पाच-सहा माणसांसोबत राही, अपुरे खाई, थोडे बरे वाटताच कामाला जाई. वजन आरोग्यधामातील रोग्यांचे अधिक वाढले, हे अपेक्षितच होते. पण १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा वैद्यकाचे जग चकित झाले. थुंकीतील जंतू नाहीसे होण्यात दोन गटांत महत्त्वाचा असा फरक नव्हता. इतकेच नव्हे, तर घरी राहिलेल्या रोग्यांच्या मुलामाणसांत क्षयाचे प्रमाण दुसऱ्या गटातील रोग्यांच्या घरांपेक्षा अधिक आढळले नाही; धोका होता तो औषध सुरू होण्यापूर्वीच्या दिवसांत. शंभर वर्षे ज्या कारणासाठी आईला मुलांपासून तोडले होते, ते कारणच औषधाने काढून घेतले होते.

या प्रयोगातील आणखी एक गोष्ट आकड्यांच्या गर्दीत मागे पडली. उत्तम अन्न, विश्रांती आणि शुश्रूषा असूनही आरोग्यधामातील काही रोगी वैद्यांचा सल्ला डावलून मुदतीआधीच घरी निघून गेले. मागे संसार होता, उपाशी मुले होती, आणि वर्षभराच्या गैरहजेरीत संसाराचे काय होईल याची धास्ती होती. डॉक्टरांच्या भाषेत ही बेशिस्त. पण तटस्थपणे पाहणाऱ्याला ती जगण्याची ओढच म्हणावी लागेल. घरी राहणाऱ्यांत उपचार टाकून असे निघून जाण्याचा प्रसंग क्वचितच आला, कारण निघून जाण्याचे ठिकाण जे घर, तेथेच ते होते.

मद्रासचा हा निकाल म्हणजे मायेच्या सोबतीने क्षय बरा होतो याचा पुरावा, असा अर्थ कोणी काढला तर तो चूक होईल. जंतू मारले ते गोळ्यांनी. सोबतीने काय केले, तर त्या कडू गोळ्या बारा महिने घेववल्या. पॅसच्या पुड्यांनी मळमळ होई, आणि तीन-चार महिन्यांत खोकला थांबला की औषध टाकून देण्याचा मोह अनावर होई. त्या मोहाच्या वेळी उशाशी कोण आहे यावर पुष्कळ अवलंबून असे.

पुढील इतिहास सर्वस्वी उजळ नाही. १९५९ साली बंगलोरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था निघाली. १९६० मध्ये तिचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, तेव्हा भोवालीची आठवण त्यांच्या मनात दाटली असल्यास नवल नाही. १९६२ पासून घरी राहून उपचार हे राष्ट्रीय धोरण झाले. परंतु घरोघर जाणारा तो आरोग्यसेवक कागदावरच्या योजनेत जितका ठळक होता तितका गावच्या वाटेवर दिसला नाही. रोग्याला घरी पाठविले, पण घरापर्यंत कोणी गेले नाही. तुमकूर जिल्ह्यात बॅनर्जी आणि अँडरसन यांनी केलेल्या पाहणीत, जी १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली, असे दिसून आले होते की, जवळजवळ निम्मे क्षयरोगी आपण होऊनच दवाखान्याची पायरी चढले होते आणि बहुधा खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परतले होते. अडाणी रोगी येत नाहीत, ही सबब त्या दिवशी निकालात निघाली. पण सबबी सहजासहजी मरत नाहीत. पुढे १९९७ पासून कोणाच्या तरी डोळ्यांदेखत गोळी गिळण्याची पद्धत देशभर आणण्यात आली. तिचे बीज मद्रासच्या प्रयोगातच होते. मात्र त्या वेळचा घरी येणारा माणूस आणि नंतरचा खिडकीपलीकडून गोळी देणारा माणूस यांत फरक होता, तो रोग्यांना चांगला कळला.

दुसरी चूक अन्नाबाबत झाली. मद्रासला अपुरे खाणारेही बरे झाले, तेव्हा अन्न गौण, असा सोयीस्कर निष्कर्ष अनेकांनी काढला. त्याला उत्तर मिळायला साठ वर्षे लागली. २०१९ ते २०२२ या काळात झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या सुमारे १०,००० कुटुंबीयांवर एक प्रयोग झाला, आणि त्यात चेटपटच्या त्याच संस्थेचा वाटा होता. रोग्याबरोबर घरातील सर्वांना धान्य-डाळीची भर दिली असता त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी उतरले, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्याआधीच, २०१८ पासून, सरकारने रोग्याला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देण्यास आरंभ केला होता. २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते १,००० झाले. चरकाच्या दुधाळ गाईची ही काहीशी उशिरा आलेली, आणि काहीशी रोडावलेली, आवृत्ती म्हणता येईल.

तिलोनियाचे आरोग्यधाम ओस पडले आणि १९७० नंतरच्या दशकात त्याच्या इमारतींत ग्रामीण स्त्रीपुरुषांना हुन्नर शिकविणारी संस्था नांदू लागली. मद्रासच्या चेटपट भागात क्षयाचे केंद्र मात्र आजही उभे आहे. त्याच चेटपटमधील एका बंगल्यात २६ एप्रिल १९२० रोजी रामानुजन यांनी अखेरचा श्वास घेतला होता. इंग्लंडहून परतल्यावर त्यांना एक वर्षच काय ते लाभले, आणि त्या वर्षात हाडांचा सापळा झालेल्या देहाने अंथरुणावर पडून त्यांनी जे गणित लिहिले त्यावर जगातील पंडित अजून खपत आहेत. त्या वर्षभर त्यांची पत्नी जानकी, वय वर्षे वीस-एकवीस, त्यांच्यापासून हलली नाही. पुढे ती चौऱ्याहत्तर वर्षे जगली आणि १९९४ साली वारली. वेळच्या वेळी भात, लिंबाचे सरबत आणि ताक देणे, पायांत वा छातीत कळ आली की शेक देणे, हे आपले भाग्य होते, असे तिने म्हातारपणी सांगितले. ज्यात शेकाचे पाणी तापवीत असे, ती दोन भांडी तिने तोवर जपून ठेवली होती.